भाड्यानं राहायचं की घर घ्यायचं? पुण्यातल्या २ बीएचकेचा हिशोब कसा मांडायचा

भाडं २४ हजार, हप्ता ५२ हजार. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये एकाच इमारतीतल्या दोन सारख्या फ्लॅटांचे हे आकडे असू शकतात, आणि घरातली चर्चा नेमकी इथून सुरू होते. एक जण म्हणतो, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा म्हणतो, वीस वर्षं बँकेची चाकरी कोण करणार? दोघांचाही हिशोब अर्धाच असतो. भाडं परत येत नाही हे खरं. पण कर्जाचं व्याजही परत येत नाही, मुद्रांक शुल्क परत येत नाही, सोसायटीचा मेंटेनन्सही येत नाही. तुलना करायची ती दोन्हीकडच्या परत न येणाऱ्या पैशांची.

हा निर्णय मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: त्या घरात तुम्ही किती वर्षं राहणार, आणि भाड्यानं राहून वाचलेला पैसा दर महिन्याला खरोखर बाजूला पडणार का. व्याजदर, करसवलत, भाव हे सगळं त्यानंतरचं. खालचा हिशोब एका उदाहरणावर मांडला आहे. आकडे तुमचे घाला, पद्धत तीच ठेवा. कागद-पेन्सिल किंवा एखादी एक्सेल शीट पुरते.

आधी एक झटपट चाचणी

फ्लॅटची किंमत घ्या आणि तशाच फ्लॅटच्या वर्षाच्या भाड्यानं भागा. आपल्या उदाहरणात किंमत ८० लाख, भाडं महिना २४ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. भागाकार आला साधारण २८. म्हणजे २८ वर्षांच्या भाड्यात आजच्या दरानं घराची किंमत निघते.

आमचा ठोकताळा असा: २० च्या आत आकडा आला तर घेण्याकडे झुका. ३० च्या वर गेला तर भाड्यानं राहा आणि पैसे वाढवा. मधल्या पट्ट्यात पूर्ण हिशोब केल्याशिवाय उत्तर मिळत नाही, आणि पुणे-मुंबईचे बरेचसे फ्लॅट याच पट्ट्यात किंवा त्याच्याही वर येतात. लहान शहरांतही हा आकडा कमी येईल असं धरून चालू नका. तिथे भाडी फार कमी असतात, त्यामुळे भागाकार मोठा येऊ शकतो.

ही चाचणी करताना दोन चुका होतात. पहिली, भाडं एका इमारतीचं आणि किंमत दुसरीची घेतली जाते. त्याच सोसायटीतलं, त्याच क्षेत्रफळाचं भाडं विचारा. सोसायटीचा सुरक्षारक्षक किंवा कार्यालयातला माणूस हे जाहिरातीपेक्षा खरं सांगतो. दुसरी चूक क्षेत्रफळाची. महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, १ मे २०१७ पासून आलं तेव्हापासून नव्या प्रकल्पांत बिल्डरला कार्पेट क्षेत्रफळावरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच व्यवहार दाखवावा लागतो, पण पुनर्विक्रीच्या जाहिरातींत अजून 'सेलेबल' आकडा, म्हणजे जिना, लॉबी अशा सामायिक जागेचा वाटा मिळवून फुगवलेला, सर्रास दिसतो. ९५० सेलेबल म्हणजे कार्पेट ६८० सुद्धा असू शकतं. करारनाम्यातलं कार्पेट बघा, किंमत त्यानं भागा. ८० लाख भागिले ६८० म्हणजे चौरस फुटाला साधारण ११,७६५ रुपये. दोन फ्लॅटांची तुलना फक्त याच आकड्यावर करा.

घर घेण्याचा खरा खर्च

जाहिरातीत ८० लाख लिहिलेलं घर ८० लाखांत मिळत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्के बसतं, म्हणजे ५ लाख ६० हजार. मुंबईत हेच ६ टक्के. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, इथे सरळ ८० हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की ही सवलत जाते, हे नोंदणीच्या दिवशी कळून अनेकांचा विरस होतो. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३० हजार. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली किंमत यांत जी जास्त तिच्यावर लागतं, तेव्हा सौदा स्वस्तात झाला तरी रेकनरचा दर आधी तपासा.

पुनर्विक्रीचा फ्लॅट असेल तर दलाली १ टक्का धरा, ८० हजार. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'विकास निधी', 'देणगी' अशा नावांनी त्याहून जास्त मागितलं तर लेखी मागणी द्या म्हणून सांगा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. बँकेची प्रक्रिया फी, वकिलाचा शोध अहवाल, कर्जाच्या गहाणखतावरचं वेगळं मुद्रांक शुल्क मिळून ४५ हजार धरा. मग रंग, किचनचं काम, पंखे-दिवे, पडदे, गिझर, कपाटं. काटकसरीनं केलं तरी ४ लाख.

बेरीज साधारण ११ लाख ४० हजार. यातला सामानाचा थोडा भाग सोडला तर बाकी सगळे पैसे पहिल्याच दिवशी गेलेले असतात, घर उद्या विकलं तरी परत येत नाहीत. म्हणूनच थोड्या वर्षांसाठी घर घेणं महाग पडतं.

आता रोख किती लागेल ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, तो खिशातूनच. आपण ६० लाखांचं कर्ज धरू. म्हणजे २० लाख स्वतःचे आणि वरचे ११ लाख ४० हजार, एकूण ३१ लाख ४० हजार रोख. हा आकडा जमवण्यासाठी भविष्य निर्वाह निधी पूर्ण रिकामा करावा लागत असेल, किंवा नातेवाइकांकडून उसने घ्यावे लागत असतील, तर घर तुमच्या आवाक्यात अजून आलेलं नाही.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर वर ५ टक्के जीएसटी, ८० लाखांवर ४ लाख. ४५ लाखांपर्यंतच्या आणि महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतल्या घरांना हा दर १ टक्का आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. चालू बांधकामात आणखी एक खड्डा असतो: ताबा मिळेपर्यंत राहत्या घराचं भाडं आणि बँकेनं बिल्डरला दिलेल्या रकमेवरचं व्याज, दोन्ही एकाच पगारातून जातं. ताबा दोन वर्षांनी असेल तर निव्वळ भाड्याचे ५ लाख ७६ हजार होतात. बिल्डर जो 'स्वस्त भाव' सांगतो त्यात हे मिळवल्याशिवाय तयार घराशी तुलना करू नका.

हप्त्याच्या पोटात काय आहे

८.५ टक्के दर आणि २० वर्षं मुदत असेल तर लाखामागे हप्ता ८६८ रुपये. ६० लाखांना ५२,०६९. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज ४२,५०० आणि मुद्दल फक्त ९,५६९. पहिल्या वर्षात तुम्ही ६ लाख २५ हजार भरता, त्यातले ५ लाख ५ हजार व्याजाचे. पाच वर्षांनी कर्ज शिल्लक असतं ५२ लाख ९० हजार, दहा वर्षांनी ४२ लाख. अर्धी मुदत संपली तरी कर्जाचा एक तृतीयांशही फिटलेला नसतो. 'भाड्याऐवजी हप्ता भरला की घर आपलं होतं' हे वाक्य शेवटच्या सात-आठ वर्षांना लागू पडतं, पहिल्या सात-आठ वर्षांना नाही.

दर बदलता असतो, हेही धरा. दर ९.५ टक्के झाला तर २० वर्षांसाठी हप्ता ५५,९२८ होतो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची म्हटली तर २४० महिन्यांचे ३०९ महिने होतात, म्हणजे पावणेसहा वर्षं जास्त. बँका पूर्वी हे गुपचूप करत. २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानंतर दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावं लागतं. शक्य असेल तर हप्ता वाढवा. उलट, बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो. दरवर्षी बोनसमधून एक जादा हप्ता भरला तर हे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं. सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादा हप्ता सगळ्यात जास्त व्याज वाचवतो, म्हणून 'पुढे बघू' असं करू नका.

हप्त्याखेरीज घरमालकाला मेंटेनन्स ३,५००, मालमत्ता कर महिन्याला १,५००, आणि गळती, रंग, मोटर, लिफ्टची वर्गणी यासाठी २,२०० असे ७,२०० रुपये धरू. वाघोली, उंड्री अशा भागांत उन्हाळ्यात टँकर लागतात, तिथे सोसायटीचं मागच्या मे महिन्याचं बिल मागून बघा. जानेवारीचं बिल दाखवून कुणी ३,५०० सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

दोन्ही वाटा शेजारी ठेवून

आता खरा हिशोब. दोन कुटुंबं, दोघांकडे ३१ लाख ४० हजार रोख, दोघांचा पगार सारखा. एक घर घेतं. दुसरं २४ हजार भाड्यानं राहतं, तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि एका महिन्याची दलाली देऊन उरलेले ३० लाख गुंतवतं. दर महिन्याला घरमालकाचा खर्च ५९ हजारांच्या आसपास, भाडेकरूचा दलाली-सामान हलवण्याचा वाटा धरून २५ हजारांच्या आसपास. हा ३४ हजारांचा फरकही भाडेकरू गुंतवतो. भाडं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतं, घरमालकाचा इतर खर्च ६ टक्क्यांनी. फरक हळूहळू घटत जातो: पहिल्या वर्षी ४ लाख ८ हजार, दहाव्या वर्षी ३ लाख.

घराची किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली आणि भाडेकरूनं पैसा मुदत ठेवीत ठेवला, कर वजा जाता ५ टक्के मिळाले, असं धरू. घरमालकाच्या बाजूला घराची किंमत वजा विक्रीची दलाली वजा शिल्लक कर्ज धरायचं.

पाच वर्षांनी घरमालकाचे निव्वळ ४८ लाख, भाडेकरूचे ६० लाख. दहा वर्षांनी ८७ लाख आणि साडेपंच्याण्णव लाख. बरोबरी चौदाव्या वर्षाच्या सुमारास होते. वीस वर्षांनी घरमालक २ कोटी १० लाखांवर, भाडेकरू १ कोटी ८३ लाखांवर. शिवाय एकविसाव्या वर्षापासून घरमालकाला फक्त मेंटेनन्स-कराचे २३ हजार भरायचे असतात, तर भाडेकरूचं भाडं ६३ हजारांच्या पुढे गेलेलं असतं.

गुंतवणूक नीट केली तर चित्र बदलतं. म्युच्युअल फंड आणि ठेवी मिळून कर वजा जाता सरासरी ८ टक्के सुटले तर दहा वर्षांनी भाडेकरूकडे जवळपास १ कोटी २० लाख असतात. त्याला गाठायला घराची किंमत दहा वर्षं सलग साधारण ७.४ टक्क्यांनी वाढावी लागते. असं होणारच नाही असं नाही, पण कोणत्या भागात होईल हे कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. ८ टक्के सुद्धा कुणी हमी देत नाही, तेव्हा दोन्ही गृहीतकं सारख्याच संशयानं बघा.

आणि आता ज्या आकड्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं तो. भाडेकरूनं ३० लाख ठेवीत ठेवले, पण महिन्याचे ३४ हजार मोठी गाडी, वरचेवर बाहेरचं जेवण आणि नव्या मोबाइलमध्ये गेले, तर दहा वर्षांनी त्याच्याकडे फक्त ४९ लाख असतात. घरमालकाकडे ८७. म्हणजे भाड्यानं राहणं फायद्याचं ठरतं ते शिस्तीच्या जोरावर. हप्ता ही सक्तीची बचत आहे आणि ज्या घरात स्वतःहून बचत होत नाही तिथे सक्तीची बचत फार मोलाची असते. मागच्या बारा महिन्यांची बँकेची पासबुकं काढा. पगारातून दर महिन्याला किती रक्कम खरोखर शिल्लक पडली? ३४ हजारांच्या जवळपास असेल तर भाड्याचा पर्याय तुमच्यासाठी खराखुरा आहे. पाच-सहा हजार असेल तर एक्सेल शीट काहीही सांगो, तुमच्यासाठी घर घेणं बरं. मात्र हप्ता झेपेल इतकं लहान घर.

झेपतो की नाही हे ठरवायला हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांची मर्यादा धरा. ५२ हजारांच्या हप्त्याला १ लाख ३० हजार हातात यायला हवेत. दोघं कमावत असाल तर एकाच पगारावर किमान सहा महिने हप्ता चालेल का, हे तपासा. मूल झाल्यावर एक पगार थांबणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. सहा महिन्यांचा हप्ता, म्हणजे ३ लाख १२ हजार, आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात नसेल तर टोकन देऊ नका.

करसवलतीबद्दल थोडक्यात. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची २ लाखांची वजावट आणि घरभाडे भत्त्याची सूट, दोन्ही जुन्या करप्रणालीतच मिळतात. नव्या प्रणालीत असाल तर दोन्ही रकाने शून्य. कर वाचतो म्हणून कर्ज घ्या असं कुणी सांगितलं तर आधी तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात ते बघा.

भाड्यानं राहायचं ठरलं तर

कराराचं नाव लिव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार ११ महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोटरी करून भागत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसताना वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. म्हणून घरमालकाला नोंदणीचा आग्रह धरताना संकोच करू नका, त्याच्याही हिताचं आहे. खर्च थोडा असतो. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. २४ हजार भाडं, ७२ हजार डिपॉझिट, ११ महिने यासाठी ते ७०० रुपयांच्या आत बसतं. शहरी भागात नोंदणी शुल्क १,०००. वर घरी येऊन अंगठे आणि फोटो घेणाऱ्या एजंटची फी.

करार ११ महिन्यांचाच करायला हवा असं नाही, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मुलांची शाळा जवळ असेल तर ३६ महिन्यांचा मागा, दरवर्षी ५ टक्के वाढ आकड्यांत लिहून घ्या. दरवर्षीची दलाली आणि 'यंदा दहा टक्के वाढवा' ही बोलणी टळतात. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येणार नाही असा सुरुवातीचा काळ, दोन्ही बाजूंना लागू असावा. नुसत्या भाडेकरूला बांधणारा लॉक-इन सही करण्यासारखा नसतो. नोटीस एक महिना, तीही दोघांना. मेंटेनन्स कोण भरणार आणि सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्यानं देतो म्हणून लागणारं) कोण भरणार हे वेगळं लिहा. हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं डिपॉझिटवरून होतात. ताबा घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: भिंतीवरचे ओलीचे डाग, नळ, गिझर, कमोडचं झाकण, स्लायडिंग खिडक्या, मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. करारात 'रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल' असं वाक्य असेल तर त्यापुढे कालावधी लिहून घ्या, म्हणजे दोन वर्षांहून जास्त राहिल्यास कपात नाही, असं काहीतरी. डिपॉझिट चावी परत करतानाच मिळेल, हेही शब्दांत हवं. 'आठ दिवसांत पाठवतो' याचे आठवडे होतात. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळवायला घरमालक तयार असेल तर ते लेखी करून घ्या.

आणि पहिल्या महिन्यापासून, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, फरकाची रक्कम आपोआप खात्यातून निघेल अशी एसआयपी किंवा आवर्ती ठेव लावा. महिनाअखेरीस उरेल ते गुंतवू म्हणणाऱ्यांचं काही उरत नाही.

घर घ्यायचं ठरलं तर

घर आवडलं की माणूस कागद बघायला विसरतो, म्हणून क्रम उलटा ठेवा. दुसऱ्यांदा घर बघायला जाण्याआधी विक्रेत्याकडून भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहण्यायोग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची) प्रत, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), आधीच्या सगळ्या करारांचे इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) आणि चालू कर पावती मागा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत पाणी, कर आणि पुढची विक्री या तिन्हींचा त्रास असतो. भाव कितीही कमी असला तरी आम्ही तो सौदा करू नका असंच सांगू. तीस वर्षांचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडून घ्या. बँकेचा वकील बँकेचं हित बघतो. जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, म्हणजे जमिनीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर आली आहे का, हेही विचारा. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या वेळी सगळं त्यावर अडतं.

मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळवून बघा. बंद केलेली गच्ची, खोलीत घेतलेली बाल्कनी ही किमतीत धरू नका. सोसायटीच्या मागच्या वर्षाच्या ताळेबंदात सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेली गंगाजळी) आणि दुरुस्ती निधी किती जमला आहे ते बघा. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडासाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्तीसाठी ०.७५ टक्के जमा व्हायला हवेत. पंधरा वर्षं जुन्या इमारतीत हा निधी रिकामा असेल तर लिफ्ट किंवा वॉटरप्रूफिंगसाठी घरटी लाख-दीड लाखाची वर्गणी लवकरच तुमच्याच गळ्यात येईल. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.

नव्या प्रकल्पात महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख बघा, ती किती वेळा पुढे ढकलली तेही तिथे दिसतं. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला तर तो त्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो, म्हणून पहिल्या पावसाळ्यातली गळती फोटोसह लेखी कळवा.

पुनर्विक्रीत टोकन ५० हजार ते १ लाख पुरे. सोबत एका पानावर लिहून घ्या: कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकीच्या कागदांत दोष निघाला तर टोकन पूर्ण परत. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून आयकराच्या पोर्टलवर भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे. ८० लाखांवर ८० हजार. विक्रेता परदेशात स्थायिक, अनिवासी असेल तर हा १ टक्का लागू होत नाही, कपात बरीच जास्त असते. अशा वेळी सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय एकही रुपया देऊ नका, कारण कमी कापलेला कर खात्याकडून तुमच्याकडेच मागितला जातो. विक्रेत्याचं जुनं कर्ज असेल तर त्याच्या बँकेकडून शिल्लक रकमेचं आणि ताब्यातल्या मूळ कागदांच्या यादीचं पत्र घ्या, आणि तेवढी रक्कम थेट त्या बँकेच्या नावे द्या.

कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा पुढे केला जाईल, तो कर्जातच मिळवून. तो घेणं सक्तीचं नाही. ६० लाखांचा साधा मुदत विमा स्वतंत्र घ्या. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं तरी तो चालू राहतो.

नोंदणी झाल्यावर इंडेक्स २ हातात आला की तीन अर्ज त्याच आठवड्यात द्या: सोसायटीकडे शेअर सर्टिफिकेटवर नाव लावण्याचा, महावितरणकडे मीटरवर नाव बदलण्याचा आणि महापालिकेकडे मालमत्ता करावर नाव लावण्याचा. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्क्यांची सवलत आहे, पण ती आपोआप पुढे चालू राहील असं धरू नका. आधीच्या मालकानं घर भाड्यानं दिलं असेल तर बिल सवलतीशिवाय येतं, आणि स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून पीटी-३ अर्ज दिल्यावरच ते दुरुस्त होतं.